विश्लेषण : दुःख ही शिक्षा असते का? डहाणू-तलासरीच्या प्रश्नाला बायबलचे उत्तर काय?

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. घरांना तडे गेले. ऐन थंडीत लोक अंगणात, तंबूत झोपू लागले. ‘हे आमच्याच वाट्याला का?’ हा प्रश्न अशा वेळी प्रत्येक घरात उठतो. ख्रिस्ती कुटुंबे तो घेऊन ज्या ग्रंथाकडे वळतात, तो काय सांगतो?

धक्क्यांमागचे कारण काय?

१ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना पडून डहाणू तालुक्यातील दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. धुंदलवाडी परिसरातील ही भूकंपमालिका होती. म्हणजे एका मोठ्या भूकंपाऐवजी लहान-मध्यम धक्के पुन्हा पुन्हा बसत राहतात. खडकांच्या भेगांतून खोलवर झिरपणारे पावसाचे पाणी हे त्यामागील संभाव्य कारण असल्याचे शास्त्रज्ञांनी मांडले आहे. जमीन का हलली, याचे उत्तर भूगर्भात शोधता येते. ‘माझेच लेकरू का?’ याचे उत्तर मात्र भूकंपमापकावर उमटत नाही.

दुःख म्हणजे पापाची शिक्षा?

बायबलच्या जुन्या करारातील ‘ईयोब’ हे ४२ अध्यायांचे पुस्तक याच प्रश्नावर उभे आहे. ईयोब नीतिमान. तरीही त्याची संपत्ती, मुले, आरोग्य सारे जाते. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसतात. पुढे ते बोलू लागतात, ‘तू पाप केले असशील’ असे सुचवतात, आणि तिथेच चुकतात. अखेरीस देव त्या मित्रांना दोष देतो. देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाला नव्हे. दुःखाचे कारण मात्र ईयोबाला कधीच सांगितले जात नाही.

नवा करार काय भर घालतो?

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की, संकटात मिळालेले सांत्वन दुसऱ्या संकटग्रस्तापर्यंत पोहोचवायचे असते. म्हणजे प्रश्न ‘का?’ वरून ‘आता कोणासाठी?’ याकडे सरकतो.

असे कोणी जगून दाखवले का?

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२). १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती गेले. पदरी लहान मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना त्यांनी आणले आणि पुण्याजवळील केडगावला ‘मुक्ती’ उभे राहिले. भूक काय असते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी रमाबाईंनी ते काम सोडले नाही.

या विचाराचा धोका कोणता?

‘यात देवाचा काही हेतू असेल’ हे वाक्य लेकरू गमावलेल्या आईला ऐकवणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांचीच चूक पुन्हा करणे. दुःखाला अर्थ द्यायचा की नाही, कधी द्यायचा, हे ज्याने सोसले त्यानेच ठरवायचे. शिवाय श्रद्धा भक्कम भिंतीची जागा घेऊ शकत नाही. घरांची दुरुस्ती, धक्क्यांच्या वेळी काय करावे याचे प्रशिक्षण आणि वेळेवर भरपाई ही प्रशासनाची जबाबदारीच राहते.

मग शेजाऱ्याने काय करावे?

तेच, जे मित्रांनी पहिले सात दिवस केले. जवळ बसावे, आणि उपदेश आवरावा. तंबूत शेजारच्या म्हातारीला पाणी आणून देणारा हात कदाचित ‘का?’ चे उत्तर देणार नाही. पण तो प्रश्न घेऊन ती रात्र एकटीने काढावी लागणार नाही, एवढे तो नक्की करतो.