सात-बाऱ्यावर नसलेली शेती

सातपुड्याचे डोंगर उत्तरेस जेथे नर्मदेच्या पात्रात उतरतात, तेथे महाराष्ट्राच्या अगदी सीमेवर मणिबेली हे आदिवासींचे गाव वसलेले होते. सरदार सरोवराच्या जलाशयात महाराष्ट्रातील जी 33 गावे सापडावयाची होती, त्यांत धरणास सर्वांत जवळचे गाव हेच. अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील या गावांत मुख्यतः भिल्ल, पावरा व तडवी लोकांची वस्ती. डोंगरउतारावर ज्वारी-मका पिकवावा, मोहाची फुले व चारोळी वेचावी, नदीत मासे धरावे, असा त्यांचा निर्वाह चाले. मात्र ते कसत असलेल्या पुष्कळशा जमिनीची त्यांच्या नावे सरकारदप्तरी नोंद नव्हती. दप्तरात ती जमीन वनखात्याची होती आणि ती कसणारा मनुष्य ‘अतिक्रमक’ होता.

या एका शब्दाने पुढे केवढा अनर्थ घडविला, हे पाहण्यासारखे आहे. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने 1979 साली निवाडा दिला. ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन जाईल, त्यास निदान दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, असे त्यात ठरले. तरतूद उदार होती. परंतु तिचा लाभ कागदोपत्री जमीनधारक असलेल्यांस. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा, पण सात-बाऱ्यावर नाव नसलेला मनुष्य या हिशेबात भूमिहीन ठरत होता. गुजरात शासनाने 1987 मध्ये अशांनाही दोन हेक्टर देण्याचे मान्य केले. महाराष्ट्राचे धोरण त्या मानाने आखूड राहिले.

जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी 1985 साली 45 कोटी डॉलरच्या साहाय्याचा करार केला. आदिवासींच्या प्रदेशातील कामांत त्यांच्या हिताची काळजी कशी घ्यावी, यासंबंधीचे बँकेचे स्वतःचे निर्देश 1982 पासूनच अस्तित्वात होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा 1957 सालचा 107 क्रमांकाचा करारही भारताने 1958 मध्येच स्वीकारला होता. परंपरेने वहिवाटीत असलेल्या भूमीवर आदिवासींचा, मग तो सामुदायिक असो वा वैयक्तिक, स्वामित्वहक्क मान्य करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे नियमांची वाण नव्हती. पैसा देण्यापूर्वी कोण कोठे राहतो आणि कशावर जगतो, याची पुरती पाहणी मात्र झाली नव्हती. (धरणाच्या पायाखालच्या खडकाची परीक्षा कोणी अशी अर्धवट ठेवली नसती.)

नर्मदा खोऱ्यातील लोकांच्या दीर्घ आंदोलनानंतर 1991 मध्ये बँकेने एक स्वतंत्र समिती नेमली. तिचे अध्यक्ष ब्रॅडफोर्ड मोर्स हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख, आणि उपाध्यक्ष टॉमस बर्जर हे कॅनडातील माजी न्यायाधीश. मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून वायुवाहिनी न्यावी की नाही, याची चौकशी बर्जर यांनी 1970 च्या दशकात केली होती, आणि त्यासाठी 35 वस्त्यांत जाऊन तेथील मूलनिवासींच्या साक्षी घेतल्या होत्या. आधी मूलनिवासींचे भूमीसंबंधीचे दावे निकालात निघावेत, यासाठी वाहिनीचे काम दहा वर्षे थांबवावे, अशी शिफारस त्यांनी 1977 मध्ये केली. हीच दृष्टी नर्मदेच्या तीरावर आली. जून 1992 च्या अहवालात समितीने सांगितले की, त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन होणे शक्य नाही; बँकेने मागे सरून नव्याने विचार करावा. मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज न घेण्याचे ठरविले, आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक तपासणी मंडळ स्थापन केले.

धरण मात्र थांबले नाही. 1993 च्या पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्यात गेली. 2017 मध्ये धरणाचे लोकार्पण झाले आणि 2019 मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. त्यापूर्वीच, 1990 साली, महाराष्ट्रातील विस्थापितांसाठी तळोदा वनक्षेत्रातील सुमारे 2,700 हेक्टर भूमी मोकळी करण्यात आली होती. ती रिकामी नव्हती. तेथे दुसरे आदिवासी शेती करीत होते, आणि त्यांचीही नावे सात-बाऱ्यावर नव्हती! एकाची भरपाई दुसऱ्याच्या नांगराखालून काढली गेली.

साहाय्य करणाऱ्या संस्थांनी आरंभ कोठून करावा, हे तळोद्याच्या या प्रसंगावरून ध्यानात येते. प्रत्येक वस्तीची वहिवाट तेथील लोकांस बरोबर घेऊन मोजावी, तिचे नकाशे त्यांच्या भाषेत त्यांच्यापुढे वाचावेत, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटल्यास तो नकार ग्राह्य धरावा. करारावर सही त्यानंतर व्हावी. 2007 सालच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या जाहीरनाम्यात अशा पूर्वसंमतीचे तत्त्व आहे आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिले आहे. या मोजणीचा खर्च धरणाच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ असतो, तरीही कर्जाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी क्वचितच पुरेशी रक्कम ठेवलेली आढळते.

भारतात 2006 च्या वनहक्क कायद्याने या कामास कायदेशीर आधार दिला. वनजमिनीवरील दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. पुरावा म्हणून जुन्या विहिरी, बांध, दफनभूमी आणि देवस्थाने चालतात. कुटुंबाची वंशावळ चालते. आणि दावेदाराखेरीज गावातील अन्य वृद्धांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकिकतही चालते.