बापाचे घर आणि लेकींचे वतन

इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास कनानच्या डोंगराळ मुलुखात, उतारांवर दगडी बांध घालून शेते काढणाऱ्या आणि खडकात खोदलेल्या टाक्यांत पावसाचे पाणी साठवणाऱ्या ज्या लहान लहान वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांत आकारास आलेल्या इस्रायली समाजाचा मूळ घटक व्यक्ती नव्हे, घराणे हा होता. हिब्रूत त्याला ‘बेत आव’, म्हणजे बापाचे घर, म्हणत; अशा घरांचे कूळ होई आणि कुळांचा वंश.

उत्खननांत वारंवार आढळणारे त्यांचे घर चौखणी असे. तीन लांब खण शेजारी शेजारी आणि पाठीशी चौथा आडवा. खांबांच्या ओळीआड, फरसबंद जमिनीवर, बहुधा गुरे बांधीत आणि माणसे माडीवर निजत. दाणे दळण्याचा दगडी पाटा आणि मातीची ‘तन्नूर’ भट्टी, जिच्या नावाचे भावंड आपल्याकडे तंदूर म्हणून नांदते, ही दोन्ही बायकांच्या हाती असत. आणि बापाच्या नावाने चालणाऱ्या या संसाराला बायबलात क्वचित ‘बेत एम’, आईचे घर, असेही म्हटले आहे. रूथची सासू आपल्या विधवा सुनांना परत पाठवते ती तिथेच. मातृगृहापासून झालेला आपला ‘माहेर’ हा शब्द याहून निराळे काय सांगतो?

घराण्याचा सारा जीव मात्र वतनात होता. थोरल्याला दुप्पट वाटा मिळे. विकलेली जमीन ‘गोएल’ म्हणविणारा जवळचा भाऊबंद सोडवून घेई. निपुत्रिक मेलेल्याचे नाव बुडू नये म्हणून दीर भावजयीशी विवाह करी. बायबलातील कथेप्रमाणे मनश्शे वंशातील सलाफहाद पुत्राविना वारला, तेव्हा महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच लेकींनी मोशेपुढे उभे राहून वारसाहक्क मागितला, आणि वंशाबाहेर लग्न न करण्याच्या अटीवर तो त्यांना मिळाला.

पुढे 1910 मध्ये प्राचीन इस्रायली राज्याची राजधानी शोमरोन हिच्या राजवाड्याच्या आवारात शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील ती दारू आणि तेल यांच्या आवकीची टिपणे होती, आणि माल कोणत्या कुळाच्या मुलुखातला हे लिहिताना कारकुनाने ज्या नावांची नोंद केली, त्यांत नोआ आणि होग्ला होत्या. कथेवरून मुलुखाला नाव पडले असो वा मुलुखावरून कथा रचली गेली असो, बापाच्या घराच्या हिशेबात लेकींची नावे जमिनीसकट दाखल झाली होती.