जन्माआधीच राखलेली नावं

आता 'सी' भाषेकडे येऊ. आपण एक फंक्शन लिहिलं, नाव दिलं 'टोटल'. साधं नाव. पण 1989 च्या स्टँडर्डप्रमाणे टी-ओ, आय-एस किंवा एस-टी-आर या अक्षरांनी सुरू होऊन पुढे स्मॉल अक्षर येणारी फंक्शनची नावं भाषेनं स्वतःच्या लायब्ररीसाठी राखलेली आहेत. म्हणजे 'टोटल' गेलं, 'इश्यू' गेलं, 'स्ट्रेंग्थ'सुद्धा! अशी फंक्शनं लायब्ररीत आहेत का? नाहीत. पुढे कधी येतील म्हणून एसटीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवलाय. (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलला खुशाल 'टोटल' म्हणा, तिथे हरकत नाही.)

आणि कंपायलर बहुधा हूं की चूं करत नाही. प्रोग्रॅम चालतो. आपल्याला वाटतं, नियम मोडलाच नाही. स्टँडर्ड मात्र म्हणतं, यापुढे काय होईल त्याची हमी नाही. रुमालवाला खरंच येतोही: 'स्ट्रडप' हे फंक्शन कित्येकांनी स्वतःचं लिहून वापरलं, 2023 च्या आवृत्तीत ते लायब्ररीत दाखल झालं. त्याच आवृत्तीनं नियमही सैल केला. अशी नावं आता नुसती 'राखीव होऊ शकणारी'; कुणी प्रत्यक्ष येऊन बसेपर्यंत जागा आपली. जो अजून नाही, त्याचा हक्क मानायचा की नाही, हा वाद भाषेनं चौतीस वर्षांनी असा मिटवला. आम्हाला विचाराल तर पहिला नियम जास्त प्रामाणिक होता, फक्त पाळला कुणीच नाही.