गोचीड कुत्र्यावर कमी, घरात जास्त

पावसाच्या पहिल्या सरी येऊन जातात, हवेत ओल आणि उकाडा एकदमच भरतो, आणि एखाद्या संध्याकाळी कुत्र्याच्या कानामागून हात फिरवताना बोटांना काहीतरी लागतं. केस बाजूला सारून पाहावं तर राखाडी, टम्म फुगलेला दाणा, एरंडीची बी कातडीला चिकटवून ठेवावी तसा. हे साम्य जुन्या लोकांनाही दिसलं होतं. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच गोचीड.

आपण ती गोचीड ओढून काढतो, कुत्र्याला साबण लावून अंघोळ घालतो, दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार सापडतात. मग पावडर, मग कडुनिंबाचं पाणी, मग शेजाऱ्यांनी सांगितलेलं आणखी काही. महिनाभरात माणूस थकतो आणि "कुत्रं म्हटलं की गोचीड आलीच" असं म्हणून गप्प बसतो. तसं नाही. घरातून गोचीड पूर्ण जाऊ शकते, फक्त ती राहते कुठे हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

आपल्याकडच्या पाळीव कुत्र्यांवर बहुतेक वेळा सापडते ती तपकिरी गोचीड. ती किडा नाही, कोळ्याच्या जवळच्या नात्यातली आहे. अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिला सहा पाय असतात आणि ती मोहरीहूनही लहान असते. ते पिल्लू कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं आणि खाली पडतं. जमिनीवर कात टाकून ते आठ पायांचं होतं, पुन्हा चढतं, पुन्हा पितं, पुन्हा पडतं. तिसऱ्या वेळी चढते ती पूर्ण वाढलेली गोचीड. त्यांतली मादी आठवडाभर किंवा त्याहून जास्त रक्त पिऊन फुगते, आपल्याला दिसते ती हीच. मग तीही खाली पडते आणि एखादी भेग शोधून तिथे हजारो अंडी घालून मरते. एका मादीची चार हजार अंडी ही नेहमीची गोष्ट आहे.

म्हणजे जन्मभरात ती कुत्र्यावर चढते तीनदाच, तीही थोड्या थोड्या दिवसांसाठी. उरलेला सगळा काळ ती आपल्या घरात असते. पूर्ण वाढलेली गोचीड रक्ताच्या थेंबावाचून वर्षाहून जास्त काळ तग धरते, त्यामुळे उपाशी मरेल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. आज कुत्र्याच्या अंगावर दहा दिसल्या, तर भिंतीच्या फटींत त्याच्या कित्येक पट आहेत असं धरूनच कामाला लागावं.

पहिलं काम शोधण्याचं. कुत्रा दमून आडवा झाला की त्याच्याशेजारी बसावं आणि नुसतं पाहण्यापेक्षा बोटांच्या टोकांनी चाचपावं. कानाची पाळी आतून आणि बाहेरून, पापण्यांची कड, गळ्याचा पट्टा काढून त्याखाली, काखा, जांघा, शेपटीचं मूळ, आणि शेवटी प्रत्येक पंजा. बोटांच्या बेचक्या उघडून पाहाव्याच लागतात, कारण तिथल्या गोचिडी वरून अजिबात दिसत नाहीत. बारीक पिल्लांसाठी डोक्यातल्या उवा-लिखा काढायची फणी पाठीवरून फिरवावी. पावसाळ्यात हे रोज करायचं. दिवसाआड नको, कारण काही रोगांचे जंतू गोचीड चावल्यावर थोड्याच तासांत रक्तात उतरू शकतात.

इथे एक चूक फार होते. चामखीळ किंवा पोटावरचं स्तनाग्र गोचीड समजून ओढलं जातं. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ओढण्याआधी उजेडात नीट पाहावं. गोचिडीला कातडीलगत पाय दिसतात, आणि स्तनाग्रं पोटावर दोन्ही बाजूंना साधारण समोरासमोर असतात.

आता काढण्याबद्दल. भुवया कोरण्याचा टोकदार चिमटा या कामाला उत्तम. हातात मोजे घालावेत, नसतील तर बोटांना स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी. चिमट्याने गोचिडीचं फुगलेलं पोट पकडायचं नाही. अगदी कातडीलगत, तिचं तोंड रुतलंय तिथे पकडायचं आणि सरळ वर, सावकाश, सारख्या जोराने ओढायचं. झटका नको, पिळणं नको. काही क्षण ती सोडत नाही, मग एकदम सुटते. त्या जागी पोव्हिडोन आयोडीन लावावं आणि हात साबणाने धुवावेत.

कधी तोंडाचा बारीक काळा तुकडा आत राहतो. घाबरून सुईने कोरत बसू नये. कातडी तो काही दिवसांत आपोआप बाहेर टाकते. कोरल्यामुळे झालेली जखम मात्र चिघळते. आठवड्याने तिथे सूज किंवा पू दिसला तर दाखवून घ्यावं.

काढलेली गोचीड पायाखाली चिरडायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, ती सोडायला हवी. चिरडल्यावर आतलं रक्त आणि जंतू आपल्या हातापायांना लागू शकतात. जमिनीवर तशीच टाकली तर मादी चालत जाऊन अंडी घालेल. झाकणाच्या बाटलीत सर्जिकल स्पिरिट घेऊन त्यात टाकत जावं. कुत्र्यालाही ती चावून खाऊ देऊ नये, कारण गोचीड पोटात जाऊन होणारा एक आजारही आहे.

रॉकेल लावणं, तेल ओतणं, उदबत्तीचा चटका देणं, हे सगळं बंद. भाजलेली किंवा गुदमरलेली गोचीड सुटण्याआधी आपल्या पोटातली घाण जखमेत ओकू शकते, म्हणजे जे टाळायचं तेच घडतं. रॉकेलाने कुत्र्याची कातडी जळते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. उघड्यावर ठेवलेल्या डांबराच्या गोळ्याही कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. वासाने गोचीड पळते म्हणून अंथरुणाखाली त्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी जीव दडपतो.

हाताने काढून गोचिडी संपत नाहीत, म्हणून पुढची पायरी औषधाची. त्याआधी कुत्र्याचं वजन हवं. घरच्या वजनकाट्यावर आपण एकटे उभे राहावं, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करावी. सगळी मात्रा वजनावर ठरते. मोठ्या कुत्र्याची गोळी स्वस्त पडते म्हणून तुकडे करून दोन लहान कुत्र्यांना देऊ नये. तुकड्यांत औषध सारखं वाटलं गेलं असेल याची खात्री नसते.

औषधं मुख्यतः दोन तऱ्हेची मिळतात. एक मानेवर थेंब टाकायचं. हे दोन खांद्यांच्या मधे, जिथे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही तिथे, केस दुभागून थेट कातडीवर टाकायचं असतं. बहुतेक जण केसांवरच ओततात आणि औषध केसांवरच वाळून जातं. दुसरी चूक अंघोळीची. थेंब टाकण्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कुत्र्याला अंघोळ नको, कारण हे औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं आणि साबण ते तेलच धुऊन टाकतो.

दुसरी तऱ्हा चघळायच्या गोळीची. काही गोळ्या महिनाभर पुरतात, काही 12 आठवडे. या गोळीबद्दल एक गोष्ट आधी समजून घेतली की पुढचा मनस्ताप वाचतो. औषध कुत्र्याच्या रक्तात असतं, त्यामुळे मरण्यासाठी गोचिडीला आधी चावावंच लागतं. गोळी दिल्यावरही फटींमधून नव्या गोचिडी चढत राहतात, चावतात आणि दिवसभरात मरतात. पाहणाऱ्याला वाटतं, एवढी महागाची गोळी वाया गेली. ती वाया गेलेली नसते. चढलेली प्रत्येक गोचीड अंडी न घालताच मरत असते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. मात्र ज्या कुत्र्याला कधीही फिट आलेली आहे, त्याच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात.

गावाकडे गुरांचं गोचिडीचं इंजेक्शन कुत्र्याला टोचून घेतलं जातं. ते करू नये. गुरांची औषधं फार तीव्र असतात, आणि कॉलीसारख्या जातींच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन या औषधाची जास्त मात्रा जिवावर बेतते. शिवाय गोठ्यातली गोचीड निराळी. ती एकदा गुराच्या अंगावर चढली की पिल्लापासून मोठी होईपर्यंत तिथेच राहते. म्हणून गोठ्यातले हिशोब घरातल्या कुत्र्याला लागू पडत नाहीत.

घरात मांजर असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचावा. कुत्र्यांच्या थेंबांत आणि फवाऱ्यांत पुष्कळदा परमेथ्रिन असतं, आणि मांजराला ते विषासारखं आहे. अंग थरथरतं, झटके येतात, वेळेत उपचार झाले नाहीत तर मांजर दगावतं. कुत्र्याचं औषध "थोडंसं" मांजराला लावायचं नाही, आणि कुत्र्याला असं औषध लावलं की ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना एकमेकांना चाटू द्यायचं नाही.

आता घराकडे वळू, कारण खरं काम इथे आहे. रक्त पिऊन खाली पडलेली गोचीड सहसा कुत्रा झोपतो त्याच्या आसपासच पडते, आणि मग तिची ओढ वरच्या दिशेने असते. त्यामुळे नुसती फरशी पुसून ती सापडत नाही. फरशी आणि भिंत जिथे जुळतात ती फट, दाराच्या चौकटी, दिवाणाच्या फळ्यांचे सांधे, पडद्याच्या दुमडी, विजेच्या बोर्डामागची जागा, भिंतीवरच्या फोटोंची मागची बाजू. आमच्या घरी तीन आठवडे सगळं धुऊन-पुसून झाल्यावर खरा अड्डा सापडला तो कुत्र्याच्या अंथरुणाच्या वर, पाच फुटांवर टांगलेल्या जुन्या फोटोच्या पुठ्ठ्यामागे.

टॉर्च घेऊन ही ठिकाणं एकेक करून पाहावीत. व्हॅक्यूम क्लिनरची अरुंद नळी प्रत्येक फटीतून फिरवावी आणि नंतर त्यातला कचरा पिशवीत घट्ट बांधून लगेच घराबाहेर टाकावा, नाहीतर गोचिडी तिथूनच बाहेर येतात. व्हॅक्यूम नसेल तर जुन्या टूथब्रशने फट खरवडून, निघालेला कचरा साबणाच्या कडक पाण्यात टाकावा. फट कोरडी झाली की ती पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवावी. एवढ्या सगळ्या उपायांत मला हा सगळ्यात मोलाचा वाटतो. औषधाचा असर उतरतो, बुजवलेली फट बुजलेलीच राहते.

कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावं. पावसात ऊन नसतं, तेव्हा गोधड्यांपेक्षा पातळ चादरींच्या घड्या घातलेल्या बऱ्या. लवकर वाळतात आणि त्यांच्या शिवणींत लपायला जागा कमी असते.

फवारणी करून घ्यायची वेळ आली तर फवारणाऱ्याला फवारणी गोचिडींसाठी हवी आहे आणि घरात जनावर आहे, हे दोन्ही सांगावं. त्याआधी कुत्रा, मांजर आणि मासे, सगळ्यांना बाहेर हलवावं. माशांच्या टाकीसाठी ही औषधं फार घातक असतात. फरशी वाळून, खिडक्या उघडून खोली मोकळी झाल्यावरच प्राणी परत आणावेत.

एकदा फवारून गोचिडी संपत नाहीत, कारण अंड्यांवर औषध फारसं चालत नाही आणि ती फुटायला दोन ते पाच आठवडे लागतात. पंधरा दिवसांनी पुन्हा फटी झाडणं, पुन्हा पाहणं, असं तीन महिने चालू ठेवावं लागतं. बहुतेक घरं दुसऱ्या महिन्यात हरतात. गोचीड दिसेनाशी होते, आपण सैलावतो, आणि अंड्यांची शेवटची खेप फुटते.

या काळात कुत्र्याच्या तब्येतीवर लक्ष हवं, कारण गोचीड ताप दबक्या पावलांनी येतो. एर्लिकिया आणि बबेशिया ही त्याच्या जंतूंची नावं रक्ताच्या अहवालात दिसतील. पहिल्याने रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, म्हणजे प्लेटलेट, घटतात. दुसऱ्याने तांबड्या पेशी फुटतात. चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांत कुत्रा सुस्त होतो, जेवण टाकतो. तेव्हा त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी हव्यात, फिकट पांढुरक्या नकोत. पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त, काळी शी किंवा चहासारखी गडद लघवी, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावं.

कुत्र्याचं अंग आपल्याला नेहमीच गरम लागतं. त्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. 103 च्या वर गेलं तर तो ताप. त्यावर आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नये. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते.

डॉक्टर रक्त तपासतात. आजाराच्या अगदी सुरुवातीला झटपट चाचणी कधी "नाही" म्हणते, कारण ती शोधते ती प्रतिद्रव्यं, म्हणजे जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली द्रव्यं, अजून बनलेलीच नसतात. म्हणून प्लेटलेटचा आकडा आणि कुत्र्याची लक्षणं पाहून उपचार सुरू केले जातात. एर्लिकियासाठी बहुधा डॉक्सीसायक्लिन, साधारण 28 दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत ताटापाशी येतो आणि पुष्कळ घरांत गोळ्या तिथेच थांबतात. जंतू मात्र आत दबा धरून राहतात आणि काही महिन्यांनी आजार जास्त वाईट रूपात परततो. गोळी भाताच्या घासात द्यावी आणि वरून पाणी पाजावं. कोरडी गिळली गेलेली ही गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

ही तपकिरी गोचीड माणसाला क्वचित चावते, पण चावते. सिंधुदुर्गात 2016 पासून ज्याची चर्चा आहे तो माकडताप मात्र जंगलातल्या वेगळ्या गोचिडीमुळे होतो. त्या भागात कुत्र्याला रानात नेत असाल तर परतल्यावर त्याच्याइतकंच स्वतःचं अंगही तपासावं. आपल्याला गोचीड चावली आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आठवणीने सांगावं.

आणि आज औषध दिलं असेल तर पुढच्या मात्रेची तारीख आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, तिथेच पंधरा-पंधरा दिवसांच्या फटी झाडण्याच्या तारखाही. कॅलेंडर भिंतीवरून उचललंच आहे, तर त्याच्या मागेही एकदा टॉर्च मारून पाहावा.