पॉइंट कुक : मतदानाचा शनिवार

पहाटे 5.15
शनिवार, 3 मे 2025. मेलबर्नजवळचं पॉइंट कुक, ऑस्ट्रेलियाच्या संसदेची निवडणूक. गॅरेजमध्ये दिवा लागलाय. गाडीची मागची सीट पाडून ताई फलक भरताहेत. पन्हळी प्लॅस्टिकचे फलक. वजनाला काही नाही, पण वारा भरला की हातातून सुटतात. शिवाय लाकडी खुंट्या, रबरी हातोडा, केबल टायची पिशवी, पक्कड. डब्यात थालीपीठं, थर्मासमध्ये चहा.

ताई मूळच्या वणीच्या, जिल्हा यवतमाळ. इथे एका गोदामात पॅकिंगचं काम करतात. आजची पाळी त्यांनी सोडली. देशाचं किमान वेतन मे 2025 मध्ये ताशी 24.10 डॉलर होतं, शनिवारी दर त्याहून चढा असतो. आजच्या दिवसाला मात्र पगार नाही. स्वेटरवरून त्यांनी निळा टी-शर्ट चढवलाय. लिबरल पक्षाचा, म्हणजे आत्ताच्या विरोधी पक्षाचा.

सकाळी 6.00
शाळेचं कुंपण. अजून अंधार आहे. लेबरचे लाल टी-शर्टवाले आधीच आलेत, फाटकाजवळची चांगली जागा त्यांनी धरलीय. ताई पुढच्या कोपऱ्यावर जातात. एका फलकाला चार टाय. टाय ओढायचा, शेपूट पक्कडीनं छाटायचं, तुकडा खिशात टाकायचा. शाळेचं आवार आहे, पोरांच्या पायाला टोचतं.

हा गेलिब्रँड मतदारसंघ. 1949 साली तयार झाला, तेव्हापासून इथे लेबर पक्षच निवडून येतोय. इथले खासदार टिम वॉट्स मे 2025 च्या या निवडणुकीवेळी परराष्ट्र खात्याचे सहायक मंत्री होते. ताईंना हे सगळं ठाऊक आहे. त्या सहावा फलक बांधायला घेतात.

8.00
दार उघडलं. दारापासून सहा मीटरच्या आत प्रचार करायचा नाही, असा नियम. ताईंची जागा त्याच्या अलीकडे.

हातात कार्डांचा गठ्ठा. आपल्या माणसाला 1 आणि बाकीच्यांना कुठले आकडे द्यायचे, ते कार्डावर छापलेलं. खासदारकीची मतपत्रिका हिरवी. तिच्यावर प्रत्येक नावापुढे क्रमांक हवा, एक चौकट रिकामी राहिली तर मत बाद होऊ शकतं. सिनेटची मतपत्रिका पांढरी, लांबलचक. तिच्यावर रेषेच्या वर निदान सहा पसंत्या मागतात. म्हणून लोक कार्ड घेतात.

मतदान सक्तीचं आहे. कारणाशिवाय चुकवलं तर 20 डॉलर दंड. त्यामुळे घरोघर जाऊन माणसं बाहेर काढायची दगदग नाही, ती आपली आपणच येतात. कार्यकर्त्याला मिळतात फक्त गाडीतळापासून रांगेपर्यंतची काही पावलं. तेवढ्यात नजर द्यायची, नमस्कार करायचा, कार्ड पुढे करायचं. गारठ्यात कागद एकमेकांना चिकटतात. ताईंनी उजव्या हातमोज्याचा अंगठा कापून टाकलाय, त्यानं कार्ड सुटं होतं.

11.00
रांग वळण घेऊन रस्त्यापर्यंत आलीय. पालकांनी शाळेच्या मदतीसाठी सॉसेजची शेगडी मांडलीय. पावाच्या स्लाइसमध्ये सॉसेज, वर परतलेला कांदा. ताई नुसता कांदा-पाव घेतात. ग्रीन्स पक्षाच्या मुलीला थालीपीठ देतात, ती यांना खुर्ची देते.

एक मराठी कुटुंब येतं. "काकू, तुम्ही यांच्यात?" तरुण हसत विचारतो.
"काहून? असू नये का?" ताईही हसतात. तो कार्ड घेतो. लाल कार्डही त्याच्या हातात आहेच.

दुपारी 1.00
गर्दी ओसरली. चहा ओतताना लिबरल पक्षाच्या डेव्ह शर्मांचा विषय निघाला. प्रतिनिधिगृहात गेलेले भारतीय वंशाचे पहिले सदस्य. 2013 ते 2017 ते इस्रायलमध्ये ऑस्ट्रेलियाचे राजदूत होते. 2018 च्या ऑक्टोबरात सिडनीच्या वेंटवर्थमध्ये पोटनिवडणुकीला उभे राहिले. मतदानाला चार दिवस असताना पंतप्रधान मॉरिसन यांनी दूतावास जेरुसलेमला नेण्याचा विचार बोलून दाखवला आणि ही कल्पना शर्मांची असल्याचंही सांगितलं. शर्मा हरले. 2019 ला जिंकले, 2022 ला परत हरले. 2023 च्या अखेरीस सिनेटमध्ये पोचले तेव्हा पक्ष विरोधात बसलेला.

"आमच्या वणीचे बापूजी अणे," ताई म्हणतात, "तेही तसेच नं." खरंच आहे. 1943 मध्ये गांधीजींच्या उपोषणावरून लोकनायक अण्यांनी व्हाइसरॉयच्या मंडळाचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. पुढे बिहारचे राज्यपाल झाले. एवढं सगळं झाल्यावर, ऐंशी ओलांडलेला हा माणूस 1962 मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून आला. मागणी वेगळ्या विदर्भाची.

मला या माणसांबद्दल आदर वाटतो तो याचसाठी. राजदूताला भेटायचं तर आधी वेळ घ्यावी लागते. उमेदवाराला मात्र समोरचा मान हलवून, न थांबता निघून गेला तरी पुढच्याला नमस्कार करावाच लागतो.

4.30
टाच दुखतेय. ताई एक पाय कुंपणाला टेकवून उभ्या. लोकांनी टाकलेली कार्डं त्या वेचतात. चुरगळलेली कचऱ्यात, सपाट असलेली पुन्हा गठ्ठ्यात.

6.00
दार बंद. आतले मत देऊन बाहेर आले. आता ताई उमेदवाराच्या प्रतिनिधी. सहीचा फॉर्म दाखवून बिल्ला लावला. मतपत्रिकेला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. पेट्या टेबलावर रित्या होतात, हिरव्या घड्या उलगडल्या जातात, नावांप्रमाणे ढीग पडतात. एका मतपत्रिकेवर 7 आहे की 1, कळत नाही. ताई हरकत घेतात. अधिकारी ती बाजूला ठेवते, दुसऱ्या ओळीत त्याच हातानं काढलेला 1 शोधते, दोन्ही आकडे ताडून पाहते. तो 7 ठरतो. ताई मान डोलावतात. मत विरोधात गेलं, पण वाचन बरोबर होतं.

रात्री 8.30
लाल ढीग उंच आहे. खिशात फोन थरथरतो. लेबरचं सरकार परत येणार, असं एबीसी वाहिनीनं जाहीर केलं. अखेर 150 पैकी 94 जागा त्यांच्या झाल्या. विरोधी पक्षनेते पीटर डटन स्वतःच्या डिक्सनमध्ये पडले. ताई फोन ठेवतात आणि पसंत्यांच्या मोजणीकडे वळतात. इथले आकडे अजून कळवायचेत.

9.50
आकडे कळवून झाले. बाहेर टॉर्च दातात धरून ताई टाय कापताहेत. फलकावरचा उमेदवार पुढल्या खेपेला असेलच असं नाही, पण खुंट्या चालतील. राज्याची निवडणूक 28 नोव्हेंबर 2026 ला आहे. हातोडा कुठे ठेवला, ते त्या मला विचारतात. तो खुर्चीखाली सापडतो. खुर्ची ग्रीन्सच्या मुलीची, ती सोमवारी पोचवायची आहे.