बावन्न आठवड्यांची शिल्लक

नीरा उजव्या कालव्यावरच्या फलटणच्या ऊसकऱ्याला लागणीचा ऊस तुटल्यावर खोडव्याची आशा असते. त्याच मुळांवर दुसऱ्या वर्षी पुन्हा पीक उभे राहते. व्यावसायिक टेनिसमध्ये ही सोय नाही. जिंकलेले गुण बावन्न आठवडे खेळाडूच्या नावावर राहतात आणि मग वजा होतात; ते राखायचे तर पुढील वर्षी तेवढीच मजल पुन्हा मारावी लागते. सुमित नागलच्या एकेरीतील हंगामांकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

हरियाणाचा हा तरुण प्रकाशात आला तो 2019 मध्ये. अमेरिकन खुल्या स्पर्धेत त्याने फेडररकडून पहिला सेट 6-4 असा घेतला; सामना अर्थात फेडररचाच झाला. पुढच्या वर्षी तेथेच ब्रॅडली क्लानला हरवून त्याने दुसरी फेरी गाठली. 2021 च्या अखेरीस खुब्यावर शस्त्रक्रिया झाली आणि 2022 मध्ये क्रमांक पाचशेच्याही खाली गेला. शेतकरी आजारी पडला तरी त्याचा सातबारा कोरा होत नाही. येथे तोच होतो.

2023 मध्ये रोम व टाम्पेरे येथील चॅलेंजर स्पर्धा जिंकल्यानंतरही, आपल्या खात्यात जेमतेम 900 युरो उरले आहेत, असे त्याने सप्टेंबरमध्ये जाहीरपणे सांगितले. वर्षाचा खर्च 80 लाख ते एक कोटी रुपये! प्रशिक्षक, प्रवास, निवास हा सारा खर्च स्थिर आणि उत्पन्न मात्र पूर्णतः अनिश्चित. असा धंदा कोणत्याही बँकेने कर्जास पात्र ठरवला नसता.

चारच महिन्यांनी, जानेवारी 2024 मध्ये, मेलबर्नला पात्रता फेरीतून येऊन त्याने एकतिसाव्या मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला नमविणारा 1989 च्या रमेश कृष्णननंतरचा तो पहिला भारतीय. दुसऱ्या फेरीचे 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलर म्हणजे जवळजवळ वर्षभराचा खर्च एका सामन्यात सुटला. फेब्रुवारीत चेन्नईचे विजेतेपद मिळाले, पहिल्या शंभरांत स्थान मिळाले आणि जुलैत तो 68 वा झाला.

2025 मध्ये मेलबर्नला पहिल्याच फेरीत माखाचने त्याला हरवले. आदल्या वर्षीचे गुण गेले, पाठोपाठ चेन्नईचेही गेले आणि तो शंभरांबाहेर पडला. पराभव त्याचेच, हे मान्य. घसरणीचा वेग मात्र पद्धतीचा होता. जोखीम सारी एकट्या खेळाडूच्या माथी, आणि संघटनांना तो आठवतो तो सत्काराच्या वेळी.

घरच्या मैदानावरील स्पर्धेचे मोल येथे कळते. आयोजकांच्या खास प्रवेशामुळे देशी खेळाडूला विमानभाडे न भरता मोठे गुण मिळवण्याची संधी लाभते. पुण्याच्या बालेवाडीत 2018 पासून होणारी महाराष्ट्र ओपन ही अशी स्पर्धा होती. जानेवारी 2023 नंतर ती भरलेली नाही. त्या दर्जाच्या गुणांसाठी आता प्रत्येक वेळी परदेशाचेच तिकीट काढावे लागते.