विनामूल्य ब्लॉग : ओसरी परक्याची, ठेवा आपला

चातुर्मास संपतो, साधु-साध्वी पुढील विहारास निघतात आणि प्रवचनांची टिपणे श्रावक-श्राविकांच्या वह्यांत राहतात. जालना, अंबड, परतूर परिसरातील कितीतरी कपाटांत अशा वह्या सापडतील. घरातील नातू-नात आता हा मजकूर ब्लॉगवर चढवून देतात. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून प्रश्नही पडत नाहीत. पण ‘सोने का पालना’ म्हणून नावाजलेल्या पेठेतील माणसाला हिशेब शिकवावा लागत नाही. फुकट मिळणाऱ्या या जागेचाही जमाखर्च एकदा पाहिला पाहिजे.

खर्च कोणाचा, जमा कोणाची?

ब्लॉगवरील प्रत्येक नोंद संबंधित कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे अहोरात्र चालू असलेल्या संगणकांवर साठते. एकच प्रणाली लक्षावधी लेखक वापरतात. शिवाय एका दीर्घ लेखाचा मजकूर एका छायाचित्राहूनही कमी जागा व्यापतो. त्यामुळे आणखी एका लेखकाचा भार कंपनीला नगण्य असतो. मोबदल्यात ब्लॉगच्या पत्त्यात कंपनीचे नाव झळकते.

उत्पन्नाच्या वाटा मात्र निरनिराळ्या आहेत. पायरा लॅब्सने १९९९ मध्ये सुरू केलेले ‘ब्लॉगर’ २००३ मध्ये गूगलने घेतले. तेथे शुल्क नाही. लेखकाने इच्छेनुसार गूगलच्या जाहिराती लावल्यास उत्पन्नाची वाटणी होते. ऑटोमॅटिक कंपनीचे ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ २००५ पासून चालते. तेथील विनामूल्य ब्लॉगवर कंपनी स्वतःच्या जाहिराती दाखवते. त्या नको असतील किंवा स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल, तर शुल्क भरावे लागते. थोडक्यात, अनेकांना फुकट द्यायचे आणि थोड्यांकडून शुल्क किंवा जाहिरातदारांकडून मोल घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात गैर काही नाही. तो व्यवहार आहे, दान नव्हे, एवढे ध्यानात असावे.

ओसरी कधीही रिकामी करावी लागते

मजकुरावर हक्क लेखकाचा राहतो. जागेवर मात्र राहत नाही. याहूची ‘जिओसिटीज’ ही विनामूल्य सेवा २००९ मध्ये गुंडाळली गेली. ट्विटरने विकत घेतलेले ‘पोस्टरस’ २०१३ मध्ये बंद झाले. मुदतीत ज्यांनी आपले लेखन हलवले नाही, त्यांचा ठेवा मूळ जागेवरून गेला. जुलै २००६ मध्ये भारतात निराळाच अनुभव आला. मोजकी पाने रोखण्याचा सरकारी आदेश निघाला. इंटरनेट पुरवठादारांनी मात्र ब्लॉगरसारख्या सेवांचे सारेच ब्लॉग काही दिवस अडवले. एकाच छताखाली असलेल्या हजारो निर्दोष लेखकांचीही दारे त्यामुळे बंद झाली.

तिसरा धोका घरातलाच. खाते एकाच्या नावे, पासवर्ड त्याच्याच स्मरणात आणि तो माणूस गेला, तर पुढे काय? बँकेच्या ठेवीला नामनिर्देशन करणारे कुटुंब येथे निष्काळजी राहते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. आपल्या पश्चात माहिती कोणाला मिळावी, हे नोंदवण्याची सोय गूगलने २०१३ पासून दिली आहे. ती वारसनोंद वेळीच करावी.

नक्कल हीच राखण

जैन समाजाला हा विचार नवा नाही. जैसलमेर आणि पाटण येथील ज्ञानभांडारे टिकली, ती श्रावकांनी ग्रंथांच्या नकला करवून जपल्या म्हणून. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्रीतच होत्या. त्यांच्या नकला बाहेर आल्या, म्हणूनच १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली तो ग्रंथ आपल्या अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊ लागला. प्रत एकाच ठिकाणी असणे किती जोखमीचे, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

ब्लॉगची नक्कल करायला लेखनिक लागत नाही. ब्लॉगरच्या ‘सेटिंग्ज’मधून किंवा वर्डप्रेसच्या ‘टूल्स’मधून सारा मजकूर एका फाइलमध्ये उतरवता येतो. छायाचित्रे स्वतंत्र जपावीत. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फाँटमधील अक्षरे दुसऱ्या संगणकावर ओळखू येत नाहीत. एक प्रत घरच्या संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर आणि महत्त्वाचे लेख कागदावर ठेवावेत.

ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढून, झटकून, पुसून पुन्हा बांधून ठेवण्याची आपली रीत आहे. त्याच दिवशी ब्लॉगचीही नवी प्रत उतरवून घ्यावी. आणि ज्या वहीतून तो मजकूर आला, ती वही मात्र रद्दीत देऊ नये.